मुदत न घातलेली शपथ

१

आमच्याकडे शनिवारी दुपारी कोकराच्या मांसाचं सूप असतं. आई सकाळीच पातेलं चढवते, त्यात बटाटे, गाजरं, सलगम पडत जातात आणि जेवणापर्यंत स्वयंपाकघराच्या काचा वाफेनं पांढऱ्या होतात. मग तळव्यानं काच पुसायची की फ्योर्डचं, डोंगरांमधे शिरलेल्या खाडीचं पाणी दिसतं, धक्क्यावरच्या होड्या दिसतात, पलीकडचा डोंगर दिसतो. मी राजधानीत, रेक्याविकला शिकायला गेले त्याच्या आधीपासून हे असंच आहे. परत आले तेव्हाही तसंच होतं. फरक इतकाच, की ब्रांदुर नव्हता आणि आई त्याचा वाडगा मांडत होती.

ब्रांदुर माझा धाकटा भाऊ. वसंतात तो आपली लहान होडी घेऊन कॉड धरायला गेला. होडी सापडली, पालथी. तो सापडला नाही. तटरक्षकांनी शोधलं, गावातल्या प्रत्येक होडीनं शोधलं, मग हंगाम सुरू झाला आणि एकेक होडी आपापल्या जाळ्यांकडे वळली. त्यांना दोष कसा देणार? मी नोकरी सोडून घरी आले, आईला सोबत म्हणून. निदान सगळ्यांना मी तसं सांगते. खरं म्हणजे शहरातल्या खोलीत एकटीला मला नळाच्या थेंबांचीही भीती वाटायला लागली होती.

बाबांचं म्हणणं होतं, आता एर्वी करून टाकू. एर्वी म्हणजे गेलेल्याच्या नावानं मधाच्या दारूनं शिंग भरायचं, सगळ्यांनी त्यातून प्यायचं, आणि मग त्याची खुर्ची घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्यायची. ती होईपर्यंत माणूस मेलेला नसतो, नुसता उशीर झालेला असतो. आईला तो उशीरच हवा होता. प्रेत दाखव, मग पिते, असं तिनं बाबांना सांगितलं आणि वाडग्याशेजारी चमचा ठेवला.

रेडिओवर खलाशांसाठीचं हवामान लागलं की ती आवाज कमी करायची. बंद मात्र करायची नाही.

२

हिवाळा लागतो त्या दिवशी ब्लोट असतो, आमच्या देवांची, ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या देवांची वर्षाची मोठी पूजा. सभागृहामागच्या माळावर काठ्या रोवून दोर बांधतात. दोराच्या आत भांडण नाही, हत्यार नाही, खोटं बोलणं नाही. मधे जाळ. ओत्तार आमचा गोधी, म्हणजे पुरोहित. एरवी तो शाळेची बस चालवतो, आणि त्याच्या लाल झग्याखालून बसचं पिवळं जाकीट दिसतं म्हणून दरवर्षी त्याची टिंगल होते. त्या दुपारीही कोणीतरी विचारलं, काय ओत्तार, वीजदेव थोरचा रथ ओढणारे बोकड आज सुट्टीवर आहेत वाटतं? तो म्हणाला, बोकड आहेत की, दोराच्या आत उभे राहून मला प्रश्न विचारतायत.

शिंग तीनदा फिरतं. आधी देवांसाठी, मग गेलेल्यांसाठी, मग ज्याला शपथ घ्यायची असेल त्याच्यासाठी. दुसऱ्या फेरीत बाबांनी शिंग हातात घेतलं. मग "ब्रांदुर" म्हणाले आणि प्याले. मला वाटलं, आता आई काहीतरी करेल. तिनं काहीच केलं नाही. शिंग तिच्याकडे आलं तेव्हा तिनं ते कपाळाला लावलं आणि न पिता पुढे दिलं. तेही चालतं.

तिसऱ्या फेरीत तिनं कडं मागितलं.

शपथ लोखंडी कड्यावर हात ठेवून घ्यायची असते आणि मोजूनमापून घ्यायची असते, हे आमच्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. नाव घालायचं, मुदत घालायची. मोकळी शपथ म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. कोणी भावनेच्या भरात तशी घेऊ लागला तर गोधीनं मधेच अडवून "कोणासाठी? कुठवर?" असं विचारायचं असतं. तो तिथे असतो तो मुख्यतः त्यासाठीच. आदल्या वर्षी एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याशी पुन्हा बोलणार नाही म्हणून कडं धरलं, तेव्हा ओत्तारनं घासाघीस करून ती शपथ ईस्टरपर्यंत खाली आणली होती. ख्रिस्ती सणाची मुदत घातली म्हणून लोक पोट धरून हसले होते.

आई म्हणाली, "माझ्या मुलाची जागा मी कोणाला देणार नाही. त्या जागी जो येऊन बसेल तो माझा मुलगा. मी त्याला जेवू घालीन."

ओत्तारनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडेच बघत होते, म्हणून सांगू शकते. मग त्यानं आईचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटून घेतलं. त्याला दया आली. दया आम्हा सगळ्यांनाच आली होती. शिंग फिरलं, आणि दोराच्या आतले आम्ही सगळे त्या शपथेवर प्यालो. मधाच्या त्या दारूनं मला मळमळतं, तरी मीही प्याले.

३

पुढच्या शनिवारी ब्रांदुरच्या खुर्चीची गादी ओली होती.

मी भित्री आहे, हे आधीच मान्य करते. फ्रिज घरघरला तरी मी दचकते. शेगडी बंद केली का ते बघायला जिन्यावरून परत येते. त्यामुळे माझ्या मनाला कारणं शोधायची सवय आहे. त्याशिवाय मला जगताच आलं नसतं. गादी ओली, कारण आईनं फडकं त्यावर ठेवलं असेल. फडकं नाही तर छत गळत असेल. छत कोरडं होतं. मग वाफ. वाफेचं पाणी होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी गादीला बोट लावलं आणि का कोण जाणे, बोट जिभेला लावलं. खारट होतं. माझं बोटच खारट असेल, मी मघाशी सुका मासा लोण्याबरोबर खाल्ला होता.

जेवायला बसलो. आईनं चौघांना वाढलं. तीन वाडग्यांतून वाफ येत होती.

मी चौथ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. एकाच पातेल्यातलं, एकाच पळीनं वाढलेलं सूप. त्याच्यावर चरबीची साय धरली होती, रात्रभर बाहेर ठेवल्यासारखी. बाबांनीही ते पाहिलं असावं. ते वाडगा घेऊन उठले आणि ओट्याशी उभे राहून जेवू लागले. पाठ धरलीये म्हणाले.

"खाली बस ना," आई म्हणाली. "उभं राहून गुरं खातात."

बाबा ओट्याशीच जेवले. त्या दिवसानंतर ते त्या टेबलाशी बसले नाहीत. महिनाभरात त्यांनी मासळीच्या वखारीवरची खोली झाडून घेतली आणि आपलं अंथरूण तिकडे नेलं. जाळी दुरुस्त करायला तिथे उजेड बरा पडतो म्हणे. हिवाळ्यात आमच्या गावावर डोंगराची सावली पडते आणि सूर्य महिनोन्‌महिने दिसत नाही. उजेड कुठेच बरा नसतो.

मी आईला म्हटलं, गादी रोज ओली असते. ती म्हणाली, मग रोज वाळवू. मी म्हटलं, आई, मला भीती वाटते. तेव्हा ती हसली, कितीतरी दिवसांनी. लहानपणी तू दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांनाही घाबरायचीस, म्हणाली. ब्रांदुर ते मोजे हातात घालून तुझ्या मागे धावायचा.

आम्ही दोघी हसलो. आमचं हसणं थांबल्यावरही स्वयंपाकघरात काहीतरी थोडा वेळ चालू राहिलं. नाकातून पाणी यावं तसा आवाज. मग तोही थांबला. मी फ्रिजकडे बघितलं. फ्रिज गप्प होता.

४

मी ओत्तारकडे गेले. तो बस धूत होता. मला बघून त्यानं पाइप बंद केला, बसमध्ये बसवलं, हीटर लावला आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाला की चूक त्याची आहे. त्या दिवसापासून त्याला चैन नव्हती. आठ पिढ्यांचे वाद मिटवल्यासारखा दोराच्या आत मिरवतो, आणि एका बाईला दोन शब्द विचारता आले नाहीत, असं तो स्वतःलाच टोचून बोलला.

मी त्याला गादीचं सांगितलं, सुपाचं सांगितलं. तो हसेल अशी मला फार आशा होती. तो हसला नाही.

"शपथ मागे घेता येत नाही का?" मी विचारलं.

"येते. ज्याला दिली त्यानं सोडली तर."

"कोणाला दिली?"

ओत्तारनं बाहीनं समोरची काच पुसली. "नाव घातलं असतं, तर सांगता आलं असतं," तो म्हणाला.

मग त्यानं मला धीर दिला, आणि तो धीर मी घट्ट धरला, म्हणून इथे लिहिते. तो म्हणाला, सगळं त्या जागेवर अडलंय. ब्रांदुर सापडू दे, त्याची एर्वी होऊ दे. एर्वी झाली की ती जागा त्याची राहत नाही. जागाच उरली नाही तर बसणार कुठे?

घरी जाताना मी, जिनं आयुष्यात मनापासून कधी काही मागितलं नव्हतं, ती मी धक्क्याच्या टोकाला उभी राहिले आणि समुद्राकडे माझ्या भावाचं प्रेत मागितलं.

५

समुद्रानं दिलं. वर्ष सरता सरता एका मोठ्या बोटीच्या जाळ्यात तो वर आला. पोलिसांनी दातांवरून खात्री केली. आई स्वतः गेली, तिनं चादर उचलून पाहिलं, आणि परत आल्यावर एर्वीची तयारी करा म्हणाली. बाबा वखारीवरून धावत आले आणि दारातच बसून रडले. मलाही रडू येत होतं, पण त्यात एवढी सुटका मिसळलेली होती की मला स्वतःची किळस आली.

आम्ही ब्रांदुरला डोंगराच्या पायथ्याशी पुरलं, वर होडीच्या आकारात दगड मांडले. मग लोक घरी आले. कॉफी, पातळ गोड धिरडी, राईची भाकरी, सुका मासा. शिंग फिरलं. या वेळी आई प्याली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ब्रांदुर गेला." बाबांनी तिचा हात धरला. मी गादीला हात लावून पाहिलं. कोरडी होती.

रीतीप्रमाणे आता त्या खुर्चीत कोणीतरी बसायला हवं होतं. बाबा पुढे झाले, पण खुर्चीशी पोचून मागे फिरले. तेव्हा ओत्तार म्हणाला, आज मी बसतो, उद्यापासून तुमचं तुम्ही बघा. मला वाटतं त्याला आपली चूक आपल्या हातानं मिटवायची होती. तो कॉफीचा कप घेऊन टेबलाला वळसा घालून गेला आणि बसायला वाकला.

आईनं त्याचं कोपर धरलं.

"तिथे कोणीतरी बसलंय," ती हळूच म्हणाली. सिनेमाच्या थिएटरात सांगतात तसं.

लोकांनी माना खाली घातल्या. बिचारी, असं कोणीतरी पुटपुटलं. ओत्तार मात्र वाकलेलाच राहिला, खुर्चीच्या अगदी जवळ, आणि मी त्याच्या कपातली कॉफी काठावरून बशीत सांडताना पाहिली. मग तो सरळ झाला, कप खिडकीत ठेवला आणि कोट न घेताच बाहेर पडला. वाटेत त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर तो आमच्या घरी आलेला नाही.

६

लोक गेले. बाबाही गेले. मी कप धूत होते. दुपारच होती, पण आमच्याकडे त्या दिवसांत दुपार म्हणजे काचेबाहेर निळसर काळोख, आणि काचेत आपलंच स्वयंपाकघर उलटं दिसतं. दिवा, टेबल, आई. आई पातेल्यातून वाढत होती.

मी मागे वळले नाही. काचेतच पाहिलं, आणि तेही वाफेतून, हे लक्षात घ्या. लोकरी स्वेटरची पाठ होती. खांदे होते. मान इतकी खाली घातलेली की डोकं दिसत नव्हतं. बसण्याची तऱ्हा चुकीची होती. बसणं म्हणजे काय हे कोणीतरी लांबून पाहून शिकावं, तसं. वाडग्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवले होते, आणि बोटं सगळी सारख्याच लांबीची होती. अंगठेही.

माझ्या हातून कप फुटला. वळले तेव्हा खुर्ची रिकामी होती, गादीतून पाणी जमिनीवर ठिबकत होतं आणि आई फडकं शोधत होती.

"तो ब्रांदुर नाहीये," मी म्हणाले.

"मला सांगतेस?" आई गुडघ्यांवर बसून पाणी पुसत होती. "पहिल्या दिवसापासून माहितीये मला. आपलं पोर कळत नाही का आईला?"

"मग?"

"मग काय. मी ब्रांदुर म्हटलंच नव्हतं, मुलगा म्हटलं होतं. तो आला, बसला. शब्द माझा, त्याचा काय दोष?" तिनं फडकं बादलीत पिळलं. "आणि एक सांगू? बसलेला आहे तोवर बरा आहे. मी एकदा वाढायला उशीर केला होता."

पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तिनं बाही खाली ओढून घेतली, तेव्हा मला वाटलं की न विचारलेलंच बरं.

७

त्या हिवाळ्यात आई वाळत गेली. स्वतःच्या वाडग्यातलंही ती तिकडे ओतायची असा मला संशय आहे. सूर्य डोंगरावरून पुन्हा डोकावला, गावात सगळीकडे त्याच्या नावानं गोड धिरडी झाली, आणि त्याच आठवड्यात ती जिन्याशी कोसळली. तिला विमानानं रेक्याविकच्या इस्पितळात नेलं. बाबा सोबत गेले. डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं ते त्यांनी मला फोनवर सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, घराला कुलूप लाव आणि तूही ये. ती तुझीच आठवण काढतेय.

मग त्यांनी फोन आईकडे दिला. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. तिनं हवामान विचारलं. पातेलं घासून ठेवलंस का, विचारलं. खुर्चीतल्या त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, त्यावरून मला कळलं की बाबा शेजारी उभे आहेत. शेवटी म्हणाली, "इथं छान आहे गं. खिडकी आहे. पलंगाशेजारी एक खुर्ची आहे, भेटायला येणाऱ्यांसाठी. तुझा बाबा बसतच नाही, नुसत्या येरझाऱ्या घालतो. रिकामीच असते."

मी हो म्हणाले. फोन ठेवला.

माझी बॅग भरलेली होती. बूट घातलेले होते. शेगडी बंद होती, तीनदा बघून झालं होतं. दुपारच्या विमानाला वेळ होता, आणि बाहेर, कितीतरी महिन्यांनी, भिंतीवर खरंखुरं ऊन पडलं होतं. मी किल्ली हातात घेऊन ओसरीत उभी राहिले आणि माझ्या सवयीप्रमाणे कारणं शोधू लागले. इथे कोणी वाढणारं नसलं तर काहीच होणार नाही. तो जाईल. कुठे जाईल? आला तिकडे. पण शपथेत हे घर नव्हतं, हे टेबलही नव्हतं. शपथेत फक्त आई होती, आणि तिच्या मुलाची जागा. आणि आता तिच्या उशाशी एक रिकामी खुर्ची होती.

मी दुसरं कारण शोधलं. खूप शोधलं. ऊन भिंतीवरून सरकत गेलं.

मग मी बूट काढले. पातेलं पुन्हा चढवलं. मांस नव्हतं, बटाटे होते, सुक्या माशाचा तुकडा होता. मला काही आईसारखं जमत नाही. वाडगा भरून त्या खुर्चीसमोर ठेवला आणि टेबलाच्या या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळानं गादीचा आवाज आला, ओल्या गादीवर वजन आल्यावर येतो तसा.

फोन पुन्हा वाजू लागला, बाबांचाच असणार. विमान सुटायची वेळ झाली असावी. मी उचलला नाही. आई जगेपर्यंत त्याला इथे बसवून ठेवायचं, एवढंच आता माझ्या हातात होतं, आणि नुसत्या वाडग्यावर तो माझ्यापाशी का थांबावा? मी त्याची कोणीच नव्हते. आईनं त्याला मुलगा म्हटलं तेव्हा तो माझा कोण होतो, हे कोणी ठरवलं नव्हतं.

माझ्याकडे कडं नव्हतं, शिंग नव्हतं, "कोणासाठी? कुठवर?" विचारायला ओत्तार नव्हता. मुदत घालावी असं मनात आलं होतं. पण आईच्या आयुष्याची मुदत माझ्या तोंडून बाहेर पडेना.

मी भिंतीकडे बघत म्हणाले, "जेव. मी तुझी बहीण."

आणि डोळ्याच्या कोपऱ्यात, वाडग्यावर खाली घातलेली ती मान वर होऊ लागली.